अकरा फेब्रुवारीला फुटलेला फ्लास्क

“निगडेकाका, एक फ्लास्क फोडाल का?” संजीवनी खिलारेनं विचारलं.

मी तेव्हा ब्रेकेज रजिस्टरमध्ये रकाने आखत होतो. रेघ वाकडी गेली.

“फुटला असेल तर लिहून घेतो. फोडायचं काम माझ्याकडे नाही.”

“खरा नाही हो फोडायचा. नुसता रजिस्टरात फोडायचा. अडीचशे मिलीचा, एकच.”

“आणि खरा?”

“खरा माझ्याकडे राहील. पण कुणाला कळायला नको. म्हैसकर सरांना तर नकोच.”

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. तालुक्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र विभागाचा भांडारपाल होतो. एकोणीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खोटी नोंद नव्हती. हे मी अभिमानानं सांगत नाही, दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून सांगतो. बाकी माणसं ओळखायची माझी रीत साधी होती. कोण किती काच फोडतो हे मी बघायचो नाही. फोडल्यावर काय म्हणतो ते ऐकायचो. प्राध्यापकांच्या हातात फ्लास्क ‘फुटतो’. विद्यार्थ्यांच्या हातून तो ‘निसटतो’. म्हैसकर सरांचा तर ‘मुळातच तडकलेला’ असतो. संजीवनीनं दोन वर्षांत एक पिपेट फोडली होती आणि सरळ टेबलापाशी येऊन म्हणाली होती, “काका, मी फोडली.” तेवढ्या एका वाक्यावर मी तिचं पुढचं ऐकून घेतलं.

“कशाला हवाय?”

“शेवाळ उपाशी ठेवायचंय.”

आता म्हैसकर सर. सर मूळचे नेच्यांचे अभ्यासक, पण अनुदान शेवाळाला होतं, म्हणून सरांना शेवाळ आवडायला लागलं. डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारीक शेवाळात पेशींना झिजण्यापासून वाचवणारे पदार्थ असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. ते किती असतात हे मोजायचं, असा प्रकल्प होता. त्यासाठी गार खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात बारा फ्लास्क ठेवले होते. दर सोमवारी त्यांना ताजं खतपाणी. सर त्यांना ‘माझी बाळं’ म्हणायचे. बाळाचा रंग जरा बदलला की “बिघडलं!” म्हणून मोठ्या कुकरात उकळायचं आणि मोरीत ओतायचं. दोन वर्षं बाळं हिरवीगार होती. फक्त पेशी वाचवणारा पदार्थ मोजायला घेतला की आकडा शून्याच्या आसपास घुटमळायचा.

संजीवनी या प्रकल्पावर संशोधन सहायक होती. वडिलांचं बाजारपेठेत शिंप्याचं दुकान. तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. त्याआधी विद्यापीठाची समिती येणार होती. समिती ‘पुढे चालू’ म्हणाली तर आणखी दोन वर्षं आणि पीएच.डी. नाही म्हणाली तर पाडव्याला साखरपुडा. मुलगा इचलकरंजीचा, दोन यंत्रमागांचा मालक. संजीवनीच्या वडिलांनी त्याच्या सफारीचं मापही घेऊन ठेवलं होतं.

“उपाशी ठेवून काय मिळणार?” मी विचारलं.

तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या गजांना तांबडा रेड ऑक्साइड मारून ठेवला होता. वरचा रंग तीन वर्षं यायचा होता.

“हा कशाला मारतात, काका?”

“लोखंड गंजू नये म्हणून.”

“ऊन फार झालं, खायला मिळेनासं झालं, की पेशीच्या आतही तसंच होतं. जो प्राणवायू जगवतो तोच उलटतो आणि पेशीला आतून खायला लागतो. गंजच म्हणा. मी जे शेवाळ म्हणतेय ते अशा वेळी स्वतःला आतून तांबडा रंग मारून घेतं. मार रंग खातो, पेशी वाचते. पण लाडात ठेवलं तर ते कशाला रंग मारून घेईल?”

“मग सरांना सांग ना.”

“सांगितलं.” तिनं मान मागे टाकून, चष्मा नाकावर सरकवल्यासारखा करून, हुबेहूब सरांचा आवाज काढला. “‘खिलारे, माझ्या प्रयोगशाळेत कुणीही उपाशी राहणार नाही!’” आणि हसली.

हे सरांनी म्हणावं! तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर तीन महिने सरांची सही नव्हती. ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा खायची. डिसेंबरात चपाती-भाजी असायची, जानेवारीत चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि आता चटणी झाकणाला लागलेली तेवढीच.

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: ११ फेब्रुवारी, कॉनिकल फ्लास्क, २५० मिली, एक, फुटला.

“कुणी फोडला?” शेवटच्या रकान्याशी मी थांबलो.

“माझं नाव घाला.”

“तुझं घातलं तर सर विचारतील. राहू दे. ‘हाताळताना’ लिहितो.”

एकोणीस वर्षांतली पहिली खोटी नोंद. शाई वाळेपर्यंत मी वही मिटली नाही.

शेवाळ तिनं लांबून आणलं नव्हतं. कॉलेजच्या गच्चीवर पक्ष्यांना पाणी प्यायला एक दगडी थाळं होतं, जुन्या प्राचार्यांच्या स्मरणार्थ बसवलेलं. पक्ष्यांपेक्षा त्याच्यावरच्या पाटीकडे जास्त लक्ष दिलं जायचं. श्रावणात त्या थाळ्यात हिरवा थर धरला होता, त्यातलं चमचाभर संजीवनीनं उचललं आणि वाढवलं. आता तो हिशेबाबाहेरचा फ्लास्क तिनं गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवला. खत बंद केलं आणि दिवसभर ऊन लागू दिलं. आठवड्यानं पाणी पिवळट झालं, मग विटकरी. महिनाभरानं तिनं मला वर नेलं, तेव्हा फ्लास्कात डाळिंबाचा रस भरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

“सरांनी बघितलं तर उकळतील,” मी म्हटलं.

“म्हणून तर तुम्ही फोडलात ना.”

तिनं कांद्याच्या मुळांवर प्रयोगही करून पाहिला होता. जखमेवर टाकतात ते फेसाळ औषध, पेरॉक्साइड, पाण्यात घालून त्यात मुळं ठेवली की दोन दिवसांत काळी पडून मरत. त्याच पाण्यात लाल अर्काचे थेंब टाकले की दहातली सात मुळं पांढरीशुभ्र राहत. वहीत आकडे होते. पण नुसते आकडे कोण मानतो? समितीपुढे लाल फ्लास्क ठेवायचा आणि बोलायचं, असा तिचा बेत होता.

समितीच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

“निगडे, प्रकल्पाच्या काचसामानाची मोजदाद होणार. फ्लास्क किती?”

“चाळीस घेतले, सात फुटले. तेहतीस.”

“तेहतीसच भरले पाहिजेत. एखादा कमी आला तर निभावता येतं, फुटला म्हणता येतं. जास्त आला तर काय म्हणणार? रजिस्टर खोटं ठरतं. रजिस्टर एके ठिकाणी खोटं ठरलं की सगळीकडे खोटं. मग चौकशी. तुमची पेन्शन, माझं नाव.”

आधी माझी पेन्शन, मग त्यांचं नाव, या क्रमाचं मला कौतुक वाटलं. नंतर मात्र वाटेना. घरी गेल्यावर मी जेवलो नाही. बायको म्हणाली, “पोट बिघडलंय का?” मी म्हटलं, “एक फ्लास्क जास्त झालाय.” तिनं सुंठ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी गच्चीवर गेलो. समिती येणार म्हणून सरांनी गच्ची झाडून घेतली होती आणि थाळ्याला आतून-बाहेरून चुना मारून घेतला होता. टाकीच्या आडोशाला फ्लास्क होता. मी तो उचलला. खाली प्रयोगशाळेच्या मोरीपाशी सर उभे होते, तिथं ओतणं शक्य नव्हतं. म्हणून मी ते लाल पाणी थाळ्यात ओतलं. मग फ्लास्क रुमालात गुंडाळून टाकीच्या कठड्यावर आपटला. एकदाच. तुकडे भांडारात नेऊन कागदात बांधले, वर चिठ्ठी लावली, ‘११ फेब्रुवारी’, आणि फुटक्या काचेच्या खोक्यात टाकले.

एकदम हलकं वाटलं. आता नोंद खरी होती, नुसती जरा आधी झालेली.

साडेअकराला संजीवनी धापा टाकत भांडारात आली.

“काका, फ्लास्क?”

मी रजिस्टराकडे बघत होतो. “फुटला.”

“कधी?”

“अकरा फेब्रुवारीला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खोक्याकडे बघितलं. कागदाचं पुडकं सगळ्यात वर होतं, चिठ्ठी वाचता येईल असं. ती गेली. एखादी शिवी देऊन गेली असती तर बरं झालं असतं.

समितीत दोघं होते. एक गृहस्थ कुंभोजकर, ते चहाला आणि प्रश्नाला दोन्हीला “चालेल” म्हणत होते. दुसऱ्या डॉ. मुजावर मॅडम, कोल्हापूरच्या. पन्नाशीच्या बाई, पायात चक्क कापडी बूट, पदर खोचलेला. सरांनी बारा बाळं दाखवली. मॅडमनी ती नीट बघितली.

“तब्येत छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण यांना त्रासच काही नाही, तर ती बचाव कशापासून करणार?”

सर हसले. विनोद समजले असावेत.

मग संजीवनी बोलायला उभी राहिली. मी रजिस्टर घेऊन दाराशी होतो, मोजदादीसाठी. तिनं कांद्याच्या मुळांचे आकडे वाचले. तिचा आवाज दुसऱ्याच्या घरात बोलल्यासारखा येत होता.

“नमुना?” मॅडमनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

“होता. आता नाही.”

सर लगेच पुढे झाले. “मुलगी कष्टाळू आहे, पण उत्साहाच्या भरात... तुम्ही समजू शकता. मी याला परवानगी दिलीच नव्हती.”

कुंभोजकर “चालेल” म्हणाले. काय चालेल ते कुणाला कळलं नाही. पाडवा सतरा दिवसांवर होता.

“मूळ शेवाळ आणलंस कुठून?” मॅडमनी विचारलं.

“वरच्या थाळ्यातून. पक्ष्यांच्या.”

“चला, थाळं बघू.”

“मॅडम, ऊन फार आहे हो,” सर म्हणाले.

“शेवाळाला चालतंय ना? मग मलाही चालेल.”

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. दुपारचे दोन वाजले होते. वर काय आहे हे मला एकट्याला माहीत होतं. मला वाटलं होतं, पाणी आटलं की काही उरणार नाही. काच सांभाळणाऱ्या माणसाला काचेच्या आतलं काय कळतं?

पांढऱ्या फटक चुन्यावर तांबडा जर्द थर वाळला होता. दहा पावलांवरून डोळ्यांत भरत होता.

“अरे, कुणीतरी पान थुंकलंय!” सर ओरडले. “काल चुना मारलाय हो मॅडम! निगडे, कोण आलं होतं वर?”

मॅडम वाकल्या. बोटानं थर घासला आणि बोट उन्हात धरलं. “पानाची पिंक मला ओळखू येते, सर. माझे वडील दिवसाला वीस खायचे. हे पान नाही.”

“माझं आहे ते,” संजीवनी म्हणाली. जिन्यातून येताना तिचा चेहरा मेलेला होता. आता त्यात रक्त आलं होतं. “फ्लास्कात वाढवलेलं. महिनाभर उपाशी ठेवलेलं.”

“कुठला फ्लास्क?” सर वळले. “माझे फ्लास्क खाली आहेत, मोजून तेहतीस. थाळ्यात असलं काही आपोआप येतं, मॅडम. पक्षी घाण करतात, त्यावर धरतं. ही मुलगी आता काहीही सांगेल. निगडे, रजिस्टर वाचा. फेब्रुवारीपासून हिला एक तरी फ्लास्क दिलाय?”

मी रजिस्टर उघडलं. पान आपोआपच उघडलं, इतक्या वेळा मी ते बघितलं होतं.

“नाही दिला,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

“ऐकलंत?” सर म्हणाले.

मी तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. नोंद बरोबर होती, तुकडे खोक्यात होते, चिठ्ठी लावलेली होती. संजीवनी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती थाळ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, तेच मला सहन झालं नाही.

“पण अकरा फेब्रुवारीची नोंद खोटी आहे, मॅडम.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी लिहिलेला फ्लास्क फुटला नव्हता. तो हिच्याकडे होता. इथंच, टाकीमागं.”

“निगडे!” सर म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. “मग आता कुठाय?”

“फुटला.”

“कधी?”

“अकरा फेब्रुवारीला फुटलेला फ्लास्क आज सकाळी साडेआठला फुटला, मॅडम.”

कुंभोजकर पहिल्यांदाच “चालेल” म्हणाले नाहीत.

“कुणाच्या हातून?”

एकोणीस वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारत आलो होतो. उत्तरांचे सगळे प्रकार मला पाठ होते.

“मी फोडला,” मी म्हटलं. “आतलं या थाळ्यात ओतलं आणि फोडला.”

“का?”

आता हे कसं सांगायचं? तोंड उघडेपर्यंत मॅडमच बोलल्या.

“अच्छा! उथळ थाळं, पांढरा चुना, वरून ऊन! पसरून वाळवलंत. फ्लास्कात असतं तर टाकीमागं कुणी बघितलं असतं? हुशार माणूस आहात. खिलारे, तुझ्या काकांनी नमुना मांडलाय बघ, अगदी ताटात वाढल्यासारखा!”

संजीवनीनं माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी तिनं वाचली होती. मी तिच्या नजरेत बघून मान खाली घातली. मॅडमचा समज दोघांनीही तसाच राहू दिला.

मॅडमनी पोस्टकार्डाच्या कडेनं थर खरवडून कागदाच्या पुडीत भरला. मग संजीवनीची वही तिथंच, उन्हात उभ्यानं, पानन् पान वाचली. शेवटी म्हणाल्या, “पुढे चालू.”

आणि मग म्हैसकर सरांनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, उघडले, आणि संजीवनीच्या पाठीवर हात ठेवला.

“मी म्हणत होतोच, मॅडम. ताण पाहिजे! ताणाशिवाय रंग येत नाही. हिच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर मी तीन महिने सही केली नाही, ती उगाच नाही. म्हटलं, बघू, ही लाल होते का!”

संजीवनीनं खांदा हळूच बाजूला घेतला.

“सर, लाल झालेली पेशी वाढत नाही,” ती म्हणाली. “नुसती जीव धरून राहते. वाढायला तिला परत खायला घालावं लागतं.”

मॅडमनी पुडी पर्समध्ये टाकली. “सर, हिला माझ्या प्रयोगशाळेत पाठवता का? ना-हरकत पत्र पुढच्या आठवड्यात मिळालं तरी चालेल. आणि ती सही पण.”

जिना उतरताना कुंभोजकर माझ्या कानाशी आले. “चालेल,” म्हणाले.

मला मेमो मिळाला. ‘रजिस्टरात असत्य नोंद करणे व शासकीय काचसामान हेतुपुरस्सर फोडणे.’ एक वेतनवाढ थांबली. सर खिन्न होऊन म्हणाले, “निगडे, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मी म्हटलं, “माझीही नव्हती, सर.” पुढच्याच वर्षी सरांनी रोटरीत ‘ताण: यशाची गुरुकिल्ली’ या विषयावर व्याख्यान दिलं. गार खोलीतल्या बारा बाळांना मात्र ते शेवटपर्यंत दर सोमवारी खतपाणी घालत राहिले.

संजीवनीच्या वडिलांनी यंत्रमागवाल्याचा सफारी शिवून ठेवला होता, तो कुणाच्याच मापाचा निघाला नाही. तिच्या धाकट्या भावानं दोनदा मोकळा करून घेतला आणि कॉलेजात घातला.

चार वर्षांनी काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध पोस्टानं माझ्या नावावर आला. इंग्रजीतला विषय मला कळत नाही. पण आभाराचं पान तिनं मराठीत लिहिलं होतं. मुजावर मॅडमना सात ओळी. आईवडिलांना तीन. म्हैसकर सरांना एक: ‘ना-हरकत पत्रावर वेळेत सही केल्याबद्दल.’ आणि सगळ्यात खाली:

‘भांडारपाल श्री. निगडे यांचे, एकच फ्लास्क दोनदा फोडल्याबद्दल.’

मी ते वाक्य बऱ्याच वेळा वाचलं. पहिल्यांदा फोडला तो तिच्यासाठी, दुसऱ्यांदा फोडला तो माझ्यासाठी, हे तिला माहीत आहे. मुजावर मॅडमना माहीत नाही. आभार कितीचे, एकाचे की दोन्हीचे? आणि दुसरं फोडणं आभारातच घातलंय, की आभारांच्या आडून सांगितलंय, ‘चिठ्ठी मी वाचली होती’?

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर भेटायला आली. चहा झाला, मुलीचे फोटो झाले. नवरा बाहेर गाडी वळवायला गेला तेव्हा मी प्रबंध काढून तिच्यापुढे धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“संजीवनी, हे जमेला धरायचं की खर्ची?”

तिनं ओळ वाचली. मग माझ्याकडे बघून तशीच हसली, त्या दिवशी सरांची नक्कल करताना हसली होती तशी.

“काका, तुम्हीच लिहा की. नुसतं ‘हाताळताना’ लिहू नका.”